उपरण्यांची सभा

बाळीवेशीतल्या त्या बोळात एका सायकलची ट्यूब फुटली, झालं ते एवढंच. पण पंचाक्षरीला भान आलं तेव्हा तो बहिणीच्या ओट्यावर नव्हता. ओट्याखालच्या फरशीवर उकिडवा, दोन्ही हात डोक्यावर धरून, भिंतीला खांदा लावून बसला होता. चहाची बशी कधी सुटली, आपण उडी कधी मारली, मधलं काही आठवेना. समोर सायकलवाला वाकून चाक चाचपत होता. पाळीवर निघालेल्या मिलमधल्या दोन बाया तेलुगूत काहीतरी बोलून, तोंडाला पदर लावून पुढं गेल्या. पन्नाशीचा, पांढऱ्या धोतरातला, कपाळावर विभूती ओढलेला माणूस गटाराच्या कडेला असा बसलेला दिसल्यावर हसू येणारच. त्यात त्यांची काही चूक नव्हती. पंचाक्षरीनं उगाच फरशीवर हात फिरवला आणि आतून धावत आलेल्या बहिणीला, जगदेवीला, तो म्हणाला, "बशी पडली. तुकडे वेचतोय." तिनं काही विचारलं नाही. भाऊ आपल्याकडं राहायला आल्यापासून भांडं पडलं, दार आपटलं की तो असाच कुठंतरी आडोशाला सापडायचा, हे तिला सवयीचं झालं होतं. केरसुणी आणून तुकडे तिनंच लोटले.

तो सोलापुरात आला होता तो कान दाखवायला, निदान घरी सांगितलं तसं. तो सदस्य असलेल्या मुरगोंडीच्या नगरपालिकेत, भर सभेत, गावठी बाँबचे गोळे पडले त्या दुपारपासून त्याच्या उजव्या कानात एक बारीक शिट्टी वाजत राहिली होती. नव्या पेठेतल्या डॉक्टरनं कानात दिवा घालून पाहिलं, थेंब दिले आणि घरी जायला हरकत नाही म्हणून सांगितलं. ते ऐकून खरं तर बरं वाटायला हवं होतं. पंचाक्षरीला मात्र वाईट वाटलं, कारण आता सोलापुरात राहायला काही निमित्त उरलं नव्हतं. मग थेंब संपेपर्यंत थांबतो, असं त्यानं जगदेवीला सांगितलं, आणि थेंब तो फार जपून घालू लागला.

बशीचे तुकडे केरात पडले, तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी हरिबा दिसला. नगरपालिकेचा हा जुना शिपाई, खाकी सदऱ्याची एक बाही मनगटापर्यंत बँडेजनं फुगलेली, बगलेत वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं. त्यानं सगळं पाहिलं होतं की नाही कोण जाणे. पाहिलं असलं तरी हरिबा बोलणाऱ्यातला नव्हता. ओट्याच्या कडेला टेकून त्यानं पुडकं पुढं केलं.

"अण्णा, तुमचं वस्त्र."

"इकडं कशाला आणलंस? मी कंडक्टरबरोबर पाठवलं होतं. पोचलं नाही का?"

"पोचलं की. माज्या हातानं खुर्चीवर ठिवलं. अक्कांनी परत पाठवलं."

"काय म्हणाल्या?"

"उपरनं बसतंय, पन हात वर करत न्हाय, म्हनल्या."

पंचाक्षरीनं पुडकं सोडलं. आतलं उपरणं धुतलेलं होतं, वर इस्त्रीसुद्धा फिरवलेली होती. "खुर्चीची काजळी लागली हुती," हरिबा म्हणाला. "अक्का म्हनल्या, मान्साचं कापड हाय, तसंच कसं द्यायचं."

ही उपरण्याची रीत मुरगोंडीचीच. दुसऱ्या कुठल्या नगरपालिकेत असली तर पंचाक्षरीनं ऐकलेली नव्हती. कुणाच्या घरी लग्न निघालं, कुणी अंथरुणाला खिळलं, तर तो सदस्य आपलं उपरणं पाठवायचा आणि हरिबा ते घडी करून त्याच्या खुर्चीवर ठेवायचा. चळवळीच्या दिवसांत एक सदस्य तुरुंगात गेले तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून कुणीतरी त्यांचं उपरणं तिथं ठेवलं, तेव्हापासूनची ही गोष्ट. चांगली गोष्ट होती ती. पण चांगल्या गोष्टीही वापरून वापरून सैल होतात. हळूहळू उपरणं आलं म्हणजे माणूसच आला असं सगळे धरून चालू लागले, वर्षानुवर्षं कुणी हरकत घेतली नाही, आणि गोळे पडल्यानंतरच्या या पहिल्या सभेला गावातल्या अर्ध्याअधिक पुढाऱ्यांनी, एकमेकांना न विचारता, उपरणीच पाठवून दिली. प्रत्येकाला वाटलं, एक आपलंच तर आहे. सुंदरम्मा, म्हणजे या अक्काच, काल सभागृह साफ करायला गेल्या, होय, अध्यक्षस्थानी बसणारी बाई स्वतः फरशी धुवायला गेली होती, तर ओळीनं पांढऱ्या घड्या. मुख्याधिकारी त्यांना म्हणाले म्हणे, की चला, गणपूर्ती झाली.

"सगळ्यांची वापस दिली मी," हरिबा सांगत होता. "फाटंपासनं तेच करतुया. कोन येतो म्हनले, कोन दार उगडंनात. आता एक कमी पडतोय, अण्णा. आज सभा झाली न्हाय तर सरकारचा मानूस येऊन बसनार, आन् गावची हीर टँकरवाल्याकडंच र्‍हानार." मग तो उठला. "मी येष्टी स्टँडवर हाय. दुपारच्या गाडीला. आलात तर बरं हुईल. न्हाय आलात तर मी जातो." त्याच्या बोलण्यात रुसवा नव्हता, आणि म्हणूनच ते पंचाक्षरीला सोसवेना.

जगदेवी दारात उभी राहून ऐकत होती. हरिबा गेल्यावर ती म्हणाली, "जाऊ नको. त्या सभेत गुरप्पांचं काय झालं ते बघितलंस. तुझं काही झालं तर वैनीला मी काय सांगू?" पंचाक्षरी उपरणं पुन्हा पुडक्यात बांधू लागला. तशी ती जरा चिडूनच म्हणाली, "पण नाही गेलास, तर ते वस्त्र परत पाठवू नको. त्या बाईनं धुतलंय ते." आणि आत जाऊन तिनं शिदोरीची भाकरी थापायला घेतली. माणसं अशीच असतात, म्हणतात एक आणि हातानं करतात दुसरं. पंचाक्षरी स्टँडवर गेला तो निर्धार वगैरे करून गेला नाही. भाकरी बांधून तयार होती, ती टाकून ओट्यावर बसून राहणं त्याला जमलं नाही.

गाडी अक्कलकोटच्या रस्त्याला लागली तशा सगळ्या काचा थरथरू लागल्या. हरिबा शेजारी बसून लगेच डुलकी घेऊ लागला. बाहेर दुष्काळ पसरला होता. बहात्तरचा दुष्काळ त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात ऐन भरात आला होता, आणि रस्त्याच्या कडेनं खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या ओळी संपता संपत नव्हत्या. पंचाक्षरीला पाणी दिसत राहिलं. मुरगोंडीच्या थोरल्या विहिरीचं, खोल, हिरवट पाणी. ती विहीर नगरपालिकेची, पण कधीतरी कुणीतरी भाडेपट्ट्यानं दिली होती, आणि टँकरवाला तिच्यात इंजिन टाकून गावचंच पाणी गावाला विकत होता. त्या दिवशी सभेत विहीर परत घेण्याचा ठराव होता. अध्यक्ष गुरप्पा उभे राहून ठराव वाचत होते. त्यांचा वाचायचा ढंग असा, की प्रत्येक वाक्याच्या शेवटी चष्म्यावरून सगळ्यांकडं पाहायचं, पोरांना धडा कळला का ते मास्तर पाहतो तसं. ते असेच पाहत असताना खिडकीतून काहीतरी आत आलं. पंचाक्षरीला वाटलं, कुणी कांदा फेकला. रानडुकरांसाठी बांधावर ठेवतात तसला गोळा होता तो, चिंध्यांनी आवळलेला, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा.

आवाज आठवत नाही, हे त्याला सारखं नवल वाटायचं. आठवायचा तो चुना. छताचा सगळा चुना एकदम सुटून खाली आला, सावकाश, आणि त्या पांढऱ्यात गुरप्पा नव्हते. जिभेवर चुन्याची चव आली आणि तोंड भाजलं. मग तो जिन्यावर होता, मग रस्त्यावर, एका पायात चप्पल नाही, आणि भोवती माणसं तोंडं उघडमिट करत होती पण त्यांतून काही ऐकू येत नव्हतं. किती वेळ गेला असेल. मग डाव्या कानातून जग हळूहळू परत आत येऊ लागलं, आणि सगळ्यात आधी जे आलं तो वरच्या खिडकीतून येणारा सुंदरम्माचा आवाज होता.

तो आवाज सगळ्या गावाला माहीत होता. नवऱ्यामागं पिठाची गिरणी तिनं एकटीनं चालवली. पट्ट्याच्या खडखडाटात उभं राहून गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हणजे आवाज लावावाच लागतो, आणि गिरणी बंद असतानाही तो खाली येत नसे. सभेत ती पहिल्यांदा बोलली तेव्हा लोक हसले होते. पंचाक्षरीही हसला होता. बाई बोलत नाहीत, दळतात, असं कुणीतरी म्हणालं होतं. उपरण्याच्या रिवाजावरूनही तिची थट्टा व्हायची. एकदा ती अंगात ताप असताना, घोंगडं पांघरून सभेला आली. उपरणं पाठवायचं होतं की अक्का, असं कुणी म्हणाल्यावर ती म्हणाली, "माज्याकडं उपरनं कुटं हाय? म्हनून मीच आले." तेव्हा तो विनोद वाटला होता. बसच्या खिडकीशी बसून पंचाक्षरीला आता तो तसा वाटेना.

तर त्या धुरातून ती बोलत होती. ओरडत नव्हती, तिचं साधं बोलणंच रस्त्यापर्यंत पोचत होतं. "सभा तहकूब केलेली न्हाय," ती म्हणत होती. "ज्यांना जायचं ते जावा, जखमी हाईत ते आदी जावा. पन सभा तहकूब न्हाय. कुनीतरी खुर्चीत बसून तहकूब म्हनायला पायजे, न्हायतर सभा हितंच मेली." नंतर कळलं, त्या वेळी गुरप्पांचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि श्वास थांबून ते लिंगैक्य झालेले होते. उपाध्यक्ष महिपतरावांना चादरीत घालून खाली नेत होते, त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून रक्त येत होतं. वर मोजकी माणसं उरली होती. सगळ्यांत थोरले धोंडीरामबापू म्हणाले, कुनीतरी बसा. जो तो जमिनीकडं पाहू लागला. तेव्हा तिनं गुरप्पांचं डोकं अलगद खाली ठेवलं, पदरानं हात पुसले आणि म्हणाली, बसते मी. उरलेल्यांनी हात वर केले. ती अध्यक्षांच्या खुर्चीत बसली, खुर्चीचा एक हात अजून धुमसत होता, आणि तिथं बसून तिनं सभा तहकूब करून पुढच्या तारखेला नेली, मोठ्यानं, नीट, पद्धतशीर. मग उठली आणि पुन्हा गुरप्पांपाशी जाऊन बसली.

पंचाक्षरी तिचं बोलणं खाली रस्त्यावर, अनवाणी पाय दुसऱ्या पायावर ठेवून ऐकत होता. भीती सगळ्यांनाच वाटली होती, पळाले तेही बरेच. त्याचं त्याला इतकं काही वाटत नव्हतं. अंगावर छत कोसळल्यावर पाय कुणाला विचारून पळत नाहीत. त्याला बोचत होतं ते वेगळंच. त्या क्षणी, इतक्या मरणाच्या क्षणी, तिला सुचलं कसं? की सभा नावाची गोष्टही मरू शकते, आणि तिला वाचवायला कुणीतरी फक्त बसायचं असतं? तो दोनदा निवडून आला होता. त्याला सभेचं कामकाज पाठ होतं, आणि त्याला ते सुचलं नव्हतं. ती बाई मोठी होती. शेजारी झोपलेल्या हरिबाला हलवून हे सांगावं असं त्याला वाटलं, पण तो नुसता खिडकीबाहेर बघत राहिला. डोळे भरून आले ते त्यानं धुळीवर ढकललं.

मुरगोंडीच्या स्टँडवर उतरल्यावर रस्ते रिकामे वाटले. दुकानांच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या. त्याचं स्वतःचं कापडाचं दुकान वाटेवरच होतं. कुलूप बघून त्याला क्षणभर वाटलं, किल्ली कमरेला आहे, दुकान उघडून गादीवर बसावं, कुणी काही म्हणणार नाही. टँकरवाल्याची दोन माणसं पानपट्टीजवळ उभी होती. त्यांनी त्याला पाहिलं आणि पाहतच राहिली. हरिबा त्याच्या त्या बाजूनं चालू लागला, बँडेजचा हात मध्ये धरून. जिन्यापाशी पंचाक्षरीचे पाय थांबले. कठडा धरून, म्हाताऱ्यासारखा, तो एकेक पायरी चढला. वरून चुन्याचा ओला वास येत होता.

सभागृहाची एकच भिंत रंगवून झाली होती. सुंदरम्मा खुर्चीत बसली होती, नऊवारी इरकली, डोक्यावरून पदर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. खुर्चीचा जळलेला हात कुणीतरी काढून टाकला होता, त्यामुळं तिचा एक कोपर अधांतरी होता आणि तो तिनं मांडीवर ठेवला होता. पंचाक्षरी दारात उभा राहिला तसे सगळे वळले. काय म्हणावं, याची त्यानं वाटेत जुळवाजुळव केली होती. कान, डॉक्टर, थेंब. ती चष्म्यावरून त्याच्याकडं बघून म्हणाली, "पंचाक्षरीअण्णा आले. कूडरी, अण्णा, बसा." आणि मुख्याधिकाऱ्यांना, "घ्या लिहून. आता भरली सभा." एवढंच. ना टोमणा, ना कौतुक. त्यानं जमवलेलं सगळं त्याच्यापाशीच राहिलं आणि तो आपल्या जागी जाऊन बसला.

मुख्याधिकारी घाईघाईनं पाण्याचा ठराव पुढं सरकवू लागले. त्यांचं लक्ष सारखं खिडकीकडं जात होतं. सुंदरम्मानं हात वर केला.

"पान्याच्या आदी एक काम हाय."

"विषयपत्रिकेत दुसरं काही नाही, बाई."

"ठाव हाय. गुरप्पाण्णा पडले, महिपतराव पडले, तवा पुडं कोन म्हनून तुमी जिल्ह्याला इचारत बसला हुता. जिल्हा मुंबईला इचारत हुता. तोवर गावात कुनी न्हवतं. तसं फिरून नको." ती सगळ्यांकडं वळली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, वरचा आणि सपाट. "ठराव झाला की ती मानसं गप बसनार न्हाईत. माजं काय झालं तर ह्या खुर्चीत कोन बसनार, ते आज ठरू द्या. त्याच्यामागं कोन, ते बी. म्हंजी त्यांना कळंल, एकाला पाडून सभा पडत न्हाय."

खाली रस्त्यावर कुत्रं भुंकलं आणि पंचाक्षरीचे खांदे आपोआप कानांपर्यंत गेले. ती वाट पाहत राहिली. तिला घाई नव्हती. मग धोंडीरामबापू काठीवर भार देऊन उठले. "माजं लिवा," ते म्हणाले. "माजं काय, मी असाबी चाललोच हाय." लोक हसले, जरा जास्तच हसले.

"बापूंच्या मागं?"

पंचाक्षरीला वाटलं, खोली फार लहान आहे. खुर्च्या इतक्या जवळजवळ का ठेवल्यात? त्याला बायको दिसली, दुकानाचं कुलूप दिसलं, बाळीवेशीतल्या त्या बाया पदरामागं हसताना दिसल्या. उद्या कुठंतरी सायकलची ट्यूब फुटेल आणि तो पुन्हा फरशीवर उकिडवा सापडेल, हे त्याला पक्कं माहीत होतं. असल्या माणसाचं नाव लिहून काय होणार? पण ती बाई तिथं बसली होती, अधांतरी कोपर मांडीवर घेऊन, आणि तिच्यामागं एक ऐंशीला टेकलेला म्हातारा, आणि त्याच्यामागं कुणी नव्हतं. ती रिकामी जागा त्याला खिडकीपेक्षा जास्त भयंकर वाटली. भित्र्या माणसाला बसता येतं की, त्याच्या मनात आलं. बसायलाच तर सांगतायत.

"पंचाक्षरी," तो म्हणाला. स्वतःचं नाव असं मोठ्यानं उच्चारायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती, आणि ते दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं खोलीभर झालं.

सुंदरम्मानं त्याच्याकडं पाहिलं. हसली नाही. मान हलवली, मुख्याधिकाऱ्यांकडं बोट केलं, आणि लगेच विचारलं, "अण्णांच्या मागं?"

आपल्यामागं कुणी आहे का, हे कळेपर्यंत माणसाला मागं वळून पाहवत नाही. मग डाव्या हाताला बसलेल्या संगप्पानं घसा खाकरला. त्याचंही उपरणं काल खुर्चीवर होतं. आता ते गळ्यात होतं. "माझं घ्या," तो म्हणाला. त्यांच्या मागं, सुंदरम्मानं विचारलं. त्यांच्या मागं? कुणी उठून सांगितलं, कुणी बसूनच हात वर केला, एकानं खाली मान घालून आपलं नाव असं पुटपुटलं की ते पुन्हा विचारावं लागलं. ती प्रत्येक वेळी तेच विचारत गेली, त्याच सुरात, गिरणीवर पुढचा डबा कुणाचा म्हणून विचारावं तसं, आणि शेवटी मुख्याधिकाऱ्यांचा हात थांबला.

"सगळेच झाले, बाई," ते म्हणाले. "आता मागं कुणी उरलं नाही."

"आसूंदे," सुंदरम्मा म्हणाली. "तेवडी मानसं पाडायला त्यांना लई दिवस लागतील. आता पान्याचं घ्या."